एफ-सतरा

पार्थिव खाली आला तो खोकं छातीशी धरून.
"काकी, याचा एक दात आलाच नाहीये.
तुम्ही दात करता ना?"

करते. बावीस वर्षं करते,
दांडिया बाजारात, बिपिनभाईंच्या लॅबमध्ये,
मागच्या खोलीत, जिथे पेशंट येत नाहीत.
बडोद्यातली कितीतरी माणसं माझ्या दातांनी
लिलो चिवडा खातात आणि मला ओळखत नाहीत.
ड्रॅगनचा दात मात्र कोणी मागितला नव्हता.

खोक्यावर तो डोंगराच्या टोकावर उभा,
पंख ताणलेले, तोंडातून जाळ.
खोक्यात राखाडी प्लास्टिकच्या फांद्या,
फांदीफांदीला लटकलेले खवले, नख्या, बरगड्या,
प्रत्येकाशेजारी एवढासा आकडा.
सूचना जपानीत. बाणांना भाषा लागत नाही.
एफ-सतराची जागा रिकामी:
नुसतं देठ, फळ आधीच कोणी तोडून नेलेलं.

मेणाचा सुळा केला. खालचा, डावा.
उजव्यावरून वळण उचललं, आरशातल्यासारखं फिरवलं,
मेण गाळलं, पावडरीत मोनोमर कालवून भरलं.
तसली राखाडी आमच्या शेडच्या तक्त्यात नाही.
विड्या ओढणाऱ्या एका आजोबांसाठी
कधीतरी जमवली होती, ती आठवली.

दात झाला, तोवर गरबा आला,
मग पार्थिवची सहामाही, मग काहीतरी दुसरंच.
ड्रॅगन माझ्या टेबलावर राहिला, तुकड्यांत.
रात्री भांडी आवरली की दोन-तीन तुकडे कापायचे,
कापल्याची पांढरी खूण पॉलिशपेपरने घालवायचे.
मान अकरा मणक्यांची. शेपूट तेवीस.
प्रत्येक सांध्यात एक गोळी, एक वाटी,
दाबलं की टक्.
त्या टक्‌साठी मी जागायचे म्हटलं तरी चालेल.
जबडा लावला त्या रात्री हात आपोआप
चावा तपासायला गेला.
निळा कागद ठेवून दोनदा मिटवला.
उजवीकडे किंचित उंच होता. घासला.
याला काय चावायचंय, कोण जाणे.

उभा करायची वेळ आली तेव्हा जानेवारी होता.
पार्थिवने खोक्यावरचं चित्र पुढे धरलं:
असा. पंख वर. मान मागे. ओरडतोय असा.
केला तसा. दोन मिनिटं राहिला
आणि तोंडावर आपटला. पंख जड, पाय बारके.
पंजाखाली काडेपेटी सारून पाहिली.
शेपटीत शिसं भरू या, पार्थिव म्हणाला.
मी म्हटलं, थांब.

रोज सकाळी काळ्या घोड्याच्या पुलावर
स्कूटर लावून लोक कठड्यावरून वाकलेले असतात.
खाली विश्वामित्रीच्या चिखलात मगर,
तोंड उघडं, तासन्‌तास उघडं.
नवखा म्हणतो, चिडलीय.
ती ऊन खात असते. अंगात ऊब जास्त झाली
की तोंड उघडं टाकून बसते, एवढंच.
सगळे दात दिसत असतात
आणि एकही कामावर नसतो.

मी ड्रॅगनचं पोट टेबलाला टेकवलं.
पंख दोन्हीकडे सैल सोडले,
शेपटीचा वळसा सुईदोऱ्याच्या डब्याला.
मान सपाट. जबडा उघडा, पण पूर्ण नाही.
आता तो पडेना.

"झोपलाय?"
"बसलाय."
"मग ड्रॅगन कशाला झाला?"

याचं उत्तर मला आलं नाही.
मी चहा टाकायला आत गेले.

कप घेऊन बाहेर आले तर पार्थिव निघून गेलेला.
मान उचललेली, एकाच मणक्याने, तिसऱ्या,
आणि तोंड खिडकीकडे.
आमच्या खिडकीतून नदी दिसत नाही.
समोर पिठाची गिरणी आहे, तिचं हिरवं शटर.

डावा सुळा उजेडात आला होता.
चष्मा लावून पाहिलं. शेड बरोबर आहे.
मान मी तशीच राहू दिली.